गाड्यांखालची कुत्री आणि माझी शाळा

आमच्या वाडीतली वांगी फुलाफळांवर होती तेव्हाच त्यांच्यावर नांगर फिरला. जमीन पाटलाची, विहीर पाटलाची. पिढ्यान्‌पिढ्या तिथे वांगी, मेथी आणि सांबार (कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात) पिकवणारे हात तेवढे आमचे. कापसाला असा काही भाव चढला की पाटलाला विहिरीच्या काठापर्यंत कपाशी पेरावीशी वाटली. पाटील वाईट माणूस नव्हता. तो नांगरामागे स्वतः आला आणि माझ्या बापाकडे न बघता म्हणाला, "उकंडा, हाती लागतीन तेवढी तोडून घे." बापाने एकही वांगे तोडले नाही. मायने मात्र दोन टोपल्या भरल्या, आणि पुढचे चार दिवस आम्ही सकाळ-संध्याकाळ वांग्याचे भरीत खाल्ले. त्यानंतर आमच्या घरात भाजी म्हणून फक्त रानातली अंबाडी शिजली, तीही ज्वारीच्या कण्यांत, कारण भाकरीपुरते पीठ रोज नसे. भाजीवाल्याच्या घरी भाजी नाही, ही गोष्ट बापाला इतकी लागली की तो बाजाराच्या रस्त्याने जाणेच टाळू लागला.

पुढे कॉलेजात इतिहासाच्या तासाला मला कळले की त्या वर्षांत अमेरिकेत मोठी लढाई पेटली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाणे बंद झाले होते, आणि म्हणून गिरण्यांची नजर आमच्या वऱ्हाडावर पडली होती. वाचता वाचता मी मोठ्याने हसलो. प्रोफेसरांनी कारण विचारले तेव्हा उभा राहून सांगितले, की सर, ह्या लढाईत आमची वांगी पडली. वर्गाला वाटले मी थट्टा करतो आहे. मी खरे तेच सांगत होतो.

तर आम्ही अमरावतीला आलो. बडनेऱ्याच्या रस्त्याला कापसाच्या गाड्यांचा मोठा अड्डा होता, त्याच्या कुंपणाला लागून आम्ही झोपडी घातली. कपाशीने आम्हाला वाडीतून काढले आणि कपाशीच्याच वाळक्या पऱ्हाट्यांच्या आम्ही भिंती केल्या. बाप गाड्यांवरचे डोकडे, म्हणजे रुई तुडवून भरलेली मोठाली पोती, उतरवायला जाऊ लागला. माय गाडीवानांसाठी भाकरी थापू लागली. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा असेन. आणि चौथी आमची चिमी, वाडीची राखण करणारी पिवळी कुत्री. मायने तिला निघताना बजावले होते, की तुला द्यायला आमच्यापाशी काही नाही, तू इथेच राहा. चिमीने मान बाजूला वळवली, नाक चाटले, आणि आमच्या आधी अमरावतीला पोचली.

तो अड्डा मी कसा सांगू? सकाळी डोळा उघडण्याआधी कान उघडत. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा सगळीकडून एकच कल्ला, कुरकुरणारी चाके, "हो हो, मागं घे" म्हणणारे गाडीवान, आणि ह्या सगळ्याच्या खाली, अगदी जमिनीलगत, कुत्र्यांचा आवाज. कारण आमच्याकडे रीत अशी, की लांबच्या वाटेला निघालेल्या गाडीखाली कुत्रे असलेच पाहिजे. ते आसाच्या खाली, दोन चाकांच्या मध्ये, सावलीत चालत येते आणि मुक्कामाला गाडी राखते. आता विचार करा. दर्यापुराहून, अचलपुराहून, यवतमाळाकडून रोज दोन-तीनशे गाड्या येणार, प्रत्येकीखाली एक कुत्रे, आणि प्रत्येक कुत्र्याला वाटणार की आपली गाडी उभी आहे तिथपासून क्षितिजापर्यंतची जमीन आपली. गाड्या चिकटून उभ्या राहिल्या की खाली लढाई सुरू. कुत्री बैलांच्या पायांत शिरत, बैल उधळत, जू मोडे, गाडी कलंडे, पोती फाटत, आणि पांढरी रुई वाऱ्यावर सुटून सगळ्यांच्या मिशांत, पगड्यांत, मायच्या पिठात जाऊन बसे. आठवड्यातून एकदा आम्ही रुई घातलेली भाकरी खात असू. चवीला काही वाईट नसे, फक्त संपत नसे.

मायला कुत्री कळत. तिला कोणी शिकवले नव्हते. वाडीत दिवसभर तिच्या सोबतीला कुत्रीच असत, आणि बाप हा मुळातच अबोल माणूस, म्हणून ज्यांच्याशी बोलता येईल त्यांच्याशी ती बोलत आली. ती मला चुलीपाशी बसवून समोरच्या गाड्यांखाली बघायला लावी. ते कुत्रे जांभई देते आहे ना, ते झोपेला आलेले नाही, त्याला धाकधूक होते आहे. ते जीभ काढून नाक चाटते आहे, ते भूक लागली म्हणून नव्हे. समोरच्याला सांगते आहे की मला भांडायचे नाही. ते पुढचे पाय पसरून ढुंगण वर करून उभे आहे, त्याला खेळायचे आहे, त्याला काठी दाखवू नको. ते उताणे पडले आहे, पण बघ, तोंड मिटलेले आहे आणि डोळ्याचा पांढरा भाग दिसतो आहे. त्याचे पोट खाजवायला गेलास तर हात जाईल. ती हे सगळे भाकरी थापता थापता सांगे, आणि प्रत्येक कुत्र्यात आमच्या नात्यागोत्यातले कोणी ना कोणी सापडे. एक लालसर कुत्रे, दुसऱ्याच्या भाकरीवर नजर ठेवून स्वतः मात्र दुसरीकडे बघितल्याचे सोंग करणारे, हुबेहूब माझ्या मावशीचा नवरा होता. आम्ही दोघे हसून हसून चुलीत फुंकर घालायचे विसरत असू.

(जांभईचे मायने सांगितलेले मला फार वर्षांनी पटले. बी. ए.च्या तोंडी परीक्षेला दोन गोऱ्या परीक्षकांसमोर मी लागोपाठ तीन जांभया दिल्या. त्यांना तो उद्धटपणा वाटला असणार. गाड्यांखालचे एखादे कुत्रे तिथे असते तर त्याने माझी बाजू नीट मांडली असती.)

अड्ड्याचा कारभार रहमतखाँ जमादाराकडे होता. उंच, दाढीला मेंदी लावणारा, मनाने मोकळा माणूस. पण गाड्या उलटू लागल्यापासून त्याची झोप उडाली होती. अड्डा एका इंग्रज साहेबाचा होता. साहेब अकोल्याला राही आणि कापूस खराब होण्याचा जाब जमादाराला विचारी. एका सकाळी जमादार मायच्या चुलीशी भाकरी खात बसला होता, तेव्हा माय त्याला सहज म्हणाली की पांढऱ्या बैलांची ती गाडी तिथून हलवा, तिच्या खालचे कुत्रे आता भांडायला उठणार. जमादाराने वाकून पाहिले आणि हसला.

"बाई, शेपूट हालवून राहिला ना तो. खुश आहे बिचारा."

"हालवून राहिला, पण कशी, ते पाहा," माय म्हणाली. "काठीवानी ताठ धरली अन् शेंडा तेवढा थरथरवून राहिला. रागात माणूस बोट हालवते ना, तशी. खुशीतलं कुत्रं कंबरेपासून हालते, जमादारसाहेब."

जमादाराचा घास संपायच्या आत ते कुत्रे शेजारच्या गाडीखाली शिरले आणि तीन गाड्या एकमेकींत अडकल्या. रुई खाली बसल्यावर जमादार तसाच, दाढी पांढरी झालेली, परत आला आणि मायपुढे उकिडवा बसला. त्याने विचारले, उद्या येणाऱ्या गाड्या कुठे कुठे लावायच्या ते तू सांगशील का?

अशा रीतीने आमच्या घरात नोकरी आली. बाईमाणसाला अड्ड्यात कामावर ठेवायची सोय नव्हती, म्हणून काम बापाच्या नावे झाले. त्याला तांबडा पट्टा आणि पितळी टोकाची काठी मिळाली. पण बापाला कुत्र्यातले ओ की ठो कळत नव्हते. कुत्रे म्हणजे कुत्रे, असे त्याचे मत, आणि ते त्याने मरेपर्यंत बदलले नाही. म्हणून व्यवस्था अशी झाली: बाप पट्टा लावून फाटकात उभा राही, मी गाडीखाली वाकून कुत्रे बघे आणि हळूच सांगे, "बा, हे कडूनिंबाखाली, हे हौदाजवळ, हे एकटं", बाप काठीने जागा दाखवी, आणि माय चुलीपाशी बसून हे सगळे पाहात असे. माझे चुकले तर ती उलथण्याने तव्यावर एकदा ठोके, बरोबर असले तर दोनदा. खेळकर कुत्रे खेळकराशेजारी, भित्रे कुत्रे भिंतीच्या बाजूला, दोन दांडगी कुत्री कधीच समोरासमोर नाहीत. महिन्याभरात गाडी उलटायची बंद झाली. गाडीवान आम्हाला "कुत्रेवाले" म्हणू लागले आणि फाटकाशी येऊन आपल्या कुत्र्याचे गुण स्वतःच सांगू लागले, जसे काही मुलगी दाखवायला आणली आहे. एकजण तर म्हणाला, "स्वभावानं गरीब आहे, फक्त जेवताना बोलू नका त्याच्याशी." मला इतके हसू आले की बापाने काठीचे पितळी टोक माझ्या पावलावर टेकवले.

ह्याच दिवसांत मी अक्षरे शिकलो. पोत्यांवर काळ्या शाईने इंग्रजी अक्षरांचे ठसे मारलेले असत. तोलणाऱ्या कारकुनाला विचारून विचारून मी एकेक ओळखीचे केले, आणि मग मला वेड लागले. कुत्र्याच्या अंगावर वाचता येते तसे पोत्यावरही वाचता येते, मग कागदावर का नाही? आमच्या सात पिढ्यांत कोणी सही केली नव्हती. मी मायला म्हणालो, "मले शाळेत जायचं आहे." तिने तव्यावर दोनदा ठोकले.

मग अकोल्याहून निरोप आला. साहेबाने आमची कीर्ती ऐकली होती आणि तिथल्या अड्ड्यात दर रविवारच्या बाजाराला फार नासाडी होत होती. आम्ही कापसाच्याच एका गाडीवर बसून निघालो. चिमी खाली आसाच्या सावलीत, शेपूट कमरेपासून हलवीत. तीन दिवसांची वाट. वाटेत तुरीच्या शेंगा उकडून खाल्ल्या, एका हुरड्याच्या शेतात शेतकऱ्याने हाका मारून बसवून घेतले, आणि माय, जी वाडी सुटल्यापासून गायली नव्हती, ती मूर्तिजापुरापुढे गाऊ लागली. बापाने एकदा मागे वळून पाहिले आणि परत रस्त्याकडे तोंड केले. पण त्याचे कान मात्र मागेच होते, हे मला दिसत होते.

अकोल्याला इंग्रजी शाळा होती. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी बाप मला तिथे घेऊन गेला, पट्टा लावून. मास्तरांनी मला पाटीवर अक्षरे काढायला सांगितली, मी पोत्यावरच्यासारखी टपोरी काढली. ते खूश झाले, पण म्हणाले की जागा थोड्या आहेत, कोणा मोठ्या माणसाची शिफारस लागेल. तुमच्यासाठी चिठ्ठी कोण देईल? बाप म्हणाला, आमची वांगी साऱ्या अमरावतीला माहीत आहेत. मास्तर हसले, पण कुत्सितपणे नव्हे, आणि म्हणाले, वांग्यांना लिहिता आले असते तर मी घेतले असते. बापाने पट्टा सारखा केला आणि माझा हात धरून बाहेर पडला.

चिठ्ठी देऊ शकेल असा आमच्या ओळखीचा मोठा माणूस एकच: साहेब. जमादार आमच्याबरोबर अकोल्याला आला होता, त्याने शब्द टाकला. साहेब म्हणाला, होळीपर्यंत एकही गाडी उलटली नाही तर पोराला चिठ्ठी, आणि उकंडाला राहायला पक्की खोली. मला वाटले, झाले काम.

मला बांड्याची गोष्ट माहीत नव्हती.

बांड्या म्हणजे साहेबाचा कुत्रा. साहेबाने त्याचे नाव काही दुसरे ठेवले होते, पण शेपूट नसलेल्याला आम्ही बांडा म्हणतो, म्हणून साऱ्या अकोल्यात तो बांड्या. आखूड पायांचा, राठ केसांचा, पाठीमागे अंगठ्याएवढा खुंट. साहेबलोक मुद्दाम लहानपणीच कुत्र्याची शेपूट कापतात हे कोणाला पटत नव्हते. गाडीवानांत अशी बोलवा होती की ती लढाईत तोफेने उडाली. दर रविवारी साहेब त्याला आखूड साखळीने धरून गाड्यांच्या मधोमध सरळ चालत जाई, आणि दर रविवारी दंगल होई. बंगल्यावर ठेवला तर तो दार खरवडून पंजे रक्ताळून घेई, आणि साहेब एकटा माणूस, त्याला ते बघवत नसे.

पहिल्या रविवारी साहेबाने मला समोर बोलावले आणि जमादाराकरवी विचारले, आज ह्याची तबियत कशी आहे? सगळा अड्डा बघत होता. मी कुत्रेवाला. मी बांड्याच्या मागे गेलो आणि जिथे बघायची सवय होती तिथे बघितले. तिथे काहीच नव्हते. ताठ नाही, थरथर नाही, खाली नाही, वर नाही. राग नाही म्हणजे खुशी असणार, असे धरून मी छाती काढून सांगितले, "चांगली आहे साहेब, बिनघोर चला." मागून तव्यावर एकदा, मग घाईने पुन्हा एकदा ठोका पडला. ते दोन ठोके समजून मी आणखीच फुगलो.

वीस पावलांवर दर्यापूरच्या एका गाडीखाली वाघ्या नावाचा काळा कुत्रा होता. बांड्या थांबला, आणि पुढच्याच क्षणी दोघे मिळून एक झाले. वाघ्याचे बैल उधळले, त्यांना पाहून शेजारचे, त्यांना पाहून सगळेच. अकरा गाड्या आडव्या झाल्या. असा पांढरा धुरळा उठला की साहेब, जमादार आणि बाप ह्यांतला कोण कोणता हे फक्त उंचीवरून ओळखू येत होते.

साहेब रागावून ओरडला नाही, ते बरे होते. टोपीतली रुई झटकत त्याने एवढेच सांगितले, की पुढच्या रविवारी आणखी एकदा. हा कुत्रा माझ्याबरोबर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत शांतपणे गेला तर चिठ्ठी मिळेल. नाही गेला तर तुम्ही अमरावतीला परत जा, आणि तिथेही पट्टा जमादाराकडे जमा करा. म्हणजे शाळा तर जाणारच होती, पण भाकरीही जाणार होती, आणि तीही माझ्या फुशारकीपायी.

मला वाटले माय मारील. ती म्हणाली, "तू शेपूटच वाचत होता. शेपूट म्हंजे एक अक्षर झालं, बाबू. बाकीचं पुस्तक कोण वाचीन?"

सोमवारपासून आम्ही दोघे बंगल्याच्या पायरीशी जाऊन बसू लागलो. सोबतीला जमादार, कारण त्याला आपलीही नोकरी जाताना दिसत होती. जमादाराच्या डोक्यात कल्पना आली, की बिचाऱ्याला शेपूटच करून द्यावी. बाकीच्या कुत्र्यांना ह्याचे म्हणणे कळत नाही म्हणून भांडणे होतात ना? विचार चुकीचा नव्हता. त्याने स्वतः रुईची जाड वळलेली शेपूट केली, तिला चहाच्या रंगाचा कात लावला, आणि पट्ट्याने बांड्याच्या कमरेला बांधली. बांड्याने मागे वळून पाहिले. जन्मात त्याच्यामागे कोणी आले नव्हते. तो तिच्यावर धावला, ती पळाली, तो आणखी धावला, आणि भोवऱ्यासारखा फिरत फिरत फुलांच्या कुंड्यांवरून, माळ्याच्या झारीवरून, जमादाराच्या पायांवरून गेला. साहेब व्हरांड्यात येऊन खांबाला धरून हसू लागला. माय पदर तोंडात घालून बसली. बाप, माझा मुका बाप, पोट धरून जमिनीवर बसला आणि म्हणाला, "पुरे रे बाबा, पुरे." शेवटी बांड्याने ती शेपूट पकडली, फाडली आणि अर्धी खाल्ली.

पण हसता हसता मी त्याचे तोंड बघत होतो. ते सैल उघडे होते, जीभ एका बाजूला लोंबत होती, कान मागे पडले होते, अंगात कुठे हाड नसल्यासारखे झाले होते. रविवारी वाघ्यासमोर असे नव्हते. मला आठवले: तिथे थांबताना तो जरा बाजूला वळला होता आणि त्याने तोंड पटकन मिटले होते. अंग लाकडासारखे झाले होते, भार सगळा पुढच्या पायांवर आला होता, आणि तो श्वास घ्यायचा थांबला होता. तेवढे सांगून तो मग अंगावर गेला होता. म्हणजे बांड्याने मला सांगितले होते. मी त्याच्या मागे उभा राहून ऐकत होतो.

मायने त्यापुढचे पाहिले. ती म्हणाली, कुत्र्यापेक्षा साहेबच जास्त चुकतो. आखूड साखळी वर ओढली की बांड्याची छाती वर येते, मान ताठ होते, आणि समोरच्याला वाटते हा चालून आला. त्यात साहेब सरळ रेषेत चालतो, समोर टक लावून. कुत्र्यांत भले कुत्रे असे कधी चालत नाही. ते वळसा घेते, मान बाजूला करते, वाटेत उगाच जमीन हुंगते, म्हणजे समोरच्याला कळते की मी माझ्या कामाला चाललो आहे. आपल्या चिमीला बघ. म्हणून साहेबाने साखळी सोडून लांब सैल दोरी धरावी, गाड्यांमधून नागमोडी जावे, कुत्र्यांच्या डोळ्यांत बघू नये, आणि वाघ्यापाशी पोचल्यावर तोंड फिरवून जांभई द्यावी.

हे साहेबाला सांगायचे कोणी? जमादार म्हणाला, बाकीचे सांगतो, जांभईचे सांगणार नाही; माझी बायकामुले आहेत. बाप खाली बघू लागला. शाळा मला पाहिजे होती, म्हणून मीच पुढे झालो आणि शब्द येत नव्हते म्हणून करून दाखवले. साहेबाच्या व्हरांड्यात मी एकदा साहेब झालो आणि ताठ चाललो, मग दुसऱ्यांदा वाकडातिकडा चाललो, फरशी हुंगली, तोंड फिरवले आणि कान दुखेपर्यंत जांभई दिली.  साहेब उठला आणि माझ्यामागे चालून बघू लागला. बुधवारपासून शनिवारपर्यंत आम्ही रोज बंगल्याच्या आवारात चाललो: पुढे मी, मागे साहेब, त्याच्यामागे सैल दोरीवर बांड्या, आणि जांभई आली की तिघेही.

रविवारी अड्डा भरगच्च होता. वाघ्याची गाडी मुद्दाम त्याच जागी ठेवली, कारण साहेबाने पळवाट काढायची नाही असे बजावले होते. साहेब निघाला. पहिल्या गाडीला उजवीकडून वळसा, दुसरीला डावीकडून, मध्येच थांबून जमिनीकडे बघणे. गाडीवानांत कुजबुज झाली की उन्हाने साहेबाला काही झाले. एक म्हातारा गाडीवान पाणी घेऊन धावला, त्याला जमादाराने अडवले. मी ह्या वेळी मागून नव्हे, बाजूने चालत होतो, बांड्याच्या तोंडावर नजर ठेवून. तोंड उघडे होते. वाघ्यापासून दहा पावलांवर ते मिटले.

मी हळूच म्हणालो, "थांबा साहेब."

साहेब थांबला. दोरी सैल पडली. तीनशे गाडीवानांसमोर त्याने टोपी सारखी केली, मान बाजूला वळवली, आणि एवढी मोठी जांभई दिली की त्याच्या सोन्याच्या दाढा दिसल्या. गाडीखाली वाघ्या उभा राहिला होता. त्याने साहेबाकडे पाहिले, बांड्याकडे पाहिले. बांड्याने जमीन हुंगली. वाघ्याने नाक चाटले, एकदा गोल फिरला आणि जांभई देऊन चाकाला टेकून बसला. त्याच्या मागोमाग त्याच्या गाडीवानाने दिली, मग शेजारच्याने, आणि ती जांभई गाडीगाडीने अड्ड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत साहेबाच्या आधी जाऊन पोचली. बैल रवंथ करीत उभे होते. मला इतके हसू येत होते की बरगड्या दुखल्या, पण मी ओठ दाबून चाललो, कारण अजून दोनशे पावले उरली होती.

ती दोनशे पावलेही गेली. साहेबाने तिथल्या तिथे, एका रुईच्या पोत्यावर कागद ठेवून चिठ्ठी लिहिली. त्यानंतर होळीपर्यंत एकही गाडी उलटली नाही. बापाला अड्ड्यात पक्की खोली मिळाली, आणि मी अकोल्याच्या इंग्रजी शाळेत पहिल्या इयत्तेत दाखल झालो. तिथून मॅट्रिक झालो, कॉलेजात गेलो आणि बी. ए.ची परीक्षा दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झालो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर.